मराठी प्रबंध जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणायचा आहे, सल्ला हवा

अक्षरवेल:
नमस्कार मंडळी. मराठीतला पीएचडीचा प्रबंध, सुमारे २८० पाने. पहिली चार प्रकरणे कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली आहेत, शेवटची दोन युनिकोडमध्ये. संदर्भसूची हाताने केलेली, ३०० च्या आसपास नोंदी. सादर करायला चार महिने आहेत. सगळे एकसारखे कसे करावे? संदर्भांसाठी कोणते साधन घ्यावे? आणि साम्य तपासणीत (इतरांच्या लिखाणाशी जुळणारा मजकूर सॉफ्टवेअरने शोधतात त्यात) मराठी मजकुराचे काय होते?

टंकपेटी:
फॉन्ट बदलून काम होणार नाही. कृतिदेवच्या फाईलमध्ये देवनागरी नसतेच. पडद्यावर 'भारत' दिसते, पण साठवलेली असतात एच, के, के, जे, आर ही रोमन अक्षरे. म्हणून परिवर्तक, म्हणजे ती अक्षरे युनिकोड देवनागरीत बदलून देणारे साधन, लागतोच.

मूळ फाईलची प्रत बाजूला ठेवा आणि एकेक प्रकरण घ्या. इंग्रजी उतारे, कंस, ग्रंथनामे आधी रंगवून ठेवा, नाहीतर परिवर्तक त्यांचेही देवनागरी कडबोळे करतो. वर्डमध्ये होम टॅबवरच्या 'सिलेक्ट'मध्ये सारख्या फॉरमॅटिंगचा मजकूर एकदम निवडता येतो, त्याने हे काम लवकर उरकते. मजकूर चिकटवून चालणाऱ्या परिवर्तकात तळटीपा आणि तक्ते टिकत नाहीत. ते वेगळे रूपांतरित करून जागच्या जागी बसवावे लागतात. यालाच सगळ्यात जास्त वेळ जातो.

नेहमीची चूक वेलांटी-रफाराची. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकतात आणि रफार नंतर. 'आर्थिक'मध्ये दोन्ही एकाच अक्षरावर येतात आणि कच्चा परिवर्तक त्याचे 'आथिर्क' करतो. त्यासाठी 'िर्' शोधा, पण 'सगळे बदला' कृपया दाबू नका. निर्णय, निर्मिती, फिर्याद हे शब्द बरोबरच आहेत. एकेक बघूनच बदला.

पाठभेद:
वरचे झाल्यावर लगेच हे करा, सूचीला हात लावण्याआधी. 'दुसऱ्या' हा शब्द युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एकात ऱ (युनिकोड क्रमांक यू+०९३१) आणि हलन्त (पाय मोडण्याचे चिन्ह), दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक (यू+२००डी). कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द आहेत. शोधताना निम्मे सापडत नाहीत आणि शब्दसूचीत एकच शब्द दोनदा येतो. 'ॲ'चेही तेच: एक अखंड अक्षर (यू+०९७२), दुसरे अ वर चंद्र. नेहमीचे युनिकोड सामान्यीकरण या जोड्या एक करत नाही, त्या हातानेच कराव्या लागतात.

सोपा उपाय असा: मजकुरातूनच एक 'र्‍' कॉपी करून शोधा-पेटीत चिकटवा आणि बदलीच्या पेटीत 'ऱ्' टंका. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट-जे आणि मग डी. सहा प्रकरणांत एकच तऱ्हा ठेवा. दोन्ही मान्य आहेत, मिसळ मात्र नको.

सूचीकार:
संदर्भांसाठी झोटेरो घ्या, नोंदी साठवून त्यांची सूची आपोआप करणारे सॉफ्टवेअर. मोफत आहे, वर्ड आणि लिब्रेऑफिस दोन्हींत चालते. खात्यावर ३०० एमबी जागा फुकट मिळते. नुसत्या नोंदींना ती लागत नाही, पीडीएफ जोडल्या की लवकर भरते.

मराठी नोंदींत दोन गोष्टी सांभाळा. वर्षाच्या रकान्यात '१९८५' देवनागरी अंकांत टाकले तर झोटेरोला ते वर्ष म्हणून ओळखता येत नाही, तिथे इंग्रजी अंकच (1985) घाला. आणि तीन-चार लेखक असले की 'एट अल' इंग्रजीत उमटते. शैलीच्या फाईलमध्ये त्या संज्ञेपुढे 'व इतर' लिहून ती शैली नव्या नावाने जतन करा.

मराठी व इंग्रजी सूची वेगळ्या मागितल्या असतील तर झोटेरो एका दस्तऐवजात एकच सूची देतो. अगदी शेवटी, प्रतीवर, 'अनलिंक सायटेशन्स' करून हाताने दोन भाग करा. त्याआधी केलेत तर पुढच्या रिफ्रेशला सूची पुन्हा एक होईल.

साम्याबद्दल: यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या विनियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर कारवाई नाही. १० ते ४० मध्ये सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा सादर करावे लागते, ४० ते ६० मध्ये वर्षभर सादर करता येत नाही, ६० च्या वर नोंदणीच रद्द. श्रेयासह घेतलेली अवतरणे, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश यांतून वगळलेले आहेत. पण अवतरणचिन्हे रूपांतरात गळाली की ते अवतरण तुमचे वाक्य म्हणून मोजले जाऊ शकते. कृतिदेवमध्ये एकेरी-दुहेरी चिन्हांच्या जागी देवनागरी अक्षरे असतात, म्हणून ती हमखास बिघडतात. प्रत्येक अवतरण मूळ छापील पानाशी ताडून बघा. आणि कृतिदेवची फाईल तपासणीला देऊ नका. सॉफ्टवेअर त्यात मराठी वाचतच नाही, मग येणाऱ्या कमी आकड्याला अर्थ नाही.

अक्षरवेल:
मनापासून आभार. परिशिष्टात जुन्या मासिकांची ४० स्कॅन केलेली पाने आहेत, त्यांचा मजकूर कसा काढावा?

टंकपेटी:
३०० डीपीआयला, पान सरळ ठेवून पुन्हा स्कॅन करा. गूगल ड्राइव्हवर चढवून 'गूगल डॉक्सने उघडा' केले की मराठी मजकूर मिळतो. फाईल २ एमबीच्या आत हवी, म्हणून एकेक पान वेगळे चढवा. दोन स्तंभांचे पान असेल तर मधोमध कापूनच द्या, नाहीतर ओळी एकमेकींत शिरतात. संगणकावरच करायचे तर टेसरॅक्ट हे चित्रातली अक्षरे ओळखणारे सॉफ्टवेअर, त्यात मराठीची विदा वेगळी बसवावी लागते. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांत गफलत होते, तेवढे डोळ्यांत तेल घालून तपासा.