मदत हवी आहे : राजमाचीवरून बोरघाट नेमका कुठून दिसतो?

राजमाचीचा किल्ला बोरघाटावर नजर ठेवायला होता, हे सगळीकडे वाचायला मिळतं. ती नजर कुठून ठेवत असतील, ते मला जागेवर उभं राहून बघायचंय. गडाला श्रीवर्धन आणि मनरंजन असे दोन बालेकिल्ले; त्यातल्या श्रीवर्धनचा चिलखती बुरूज पाहिलाय, दुहेरी तटामधल्या अरुंद फटीत शिरून आलोय. काय बांधकाम आहे! पण पावसाळा होता. उल्हास नदीची दरी धुक्याने काठोकाठ भरलेली. नकाशावर रेषा मारून पाहिल्या, मधल्या डोंगरांमुळे खात्री पटत नाही.

आता थंडीत जातोय, मुक्काम बालेकिल्ल्यांखालच्या उधेवाडी गावात, सोबत दुर्बीण. वडील आहेत, त्यांना एकच बालेकिल्ला झेपेल. घाटाच्या दिशेने दरी मोकळी कुठून दिसते, श्रीवर्धनवरून की मनरंजनवरून? आणि सकाळी की दुपारनंतर?