मदत हवी आहे : मेडिकलच्या अर्जासाठी शिफारसपत्रं कुणाची घ्यावीत?

नमस्कार मंडळी, आम्ही न्यू जर्सीत असतो. लेक यंदा इथल्या मेडिकल स्कूलांना ॲम्कॅसमधून (एकाच ठिकाणाहून अनेक मेडिकल स्कूलांना अर्ज पाठवायची ऑनलाइन सेवा) अर्ज करतेय. तिथे जास्तीत जास्त 10 पत्रं जोडता येतात, पण बऱ्याच कॉलेजांना विज्ञानाच्या दोन प्राध्यापकांची आणि विज्ञानाबाहेरच्या एकाचं पत्र लागतं. तिच्या कॉलेजात कमिटी लेटरची (कॉलेजच्या समितीने विद्यार्थ्याबद्दल दिलेलं एकत्रित पत्र) सोय नाही, म्हणजे सगळी जुळवाजुळव आमचीच.

घोडं अडलंय ते दुसऱ्या विज्ञान-पत्रापाशी. ऑरगॅनिक केमिस्ट्रीत तिला ए मिळाला, पण वर्गात तीनशे पोरं. सर तिला चेहऱ्यानेही ओळखत नसावेत. फिजिक्सच्या मॅडमकडे ग्रेड बी प्लस, पण ती दर आठवड्याला शंका विचारायला जायची, त्या तिला नीट ओळखतात. माझा कौल मॅडमना. नवरा म्हणतो, ए तो ए! (आम्ही बारावीच्या मार्कांवर आत गेलेली माणसं, आम्हाला काय कळणार.)

शिवाय आमचे एक डॉक्टर स्नेही पत्र द्यायला उत्सुक आहेत. लेक त्यांच्या क्लिनिकमध्ये जेमतेम दोन आठवडे शॅडोइंगला (डॉक्टरांसोबत राहून त्यांचं काम बघायला) जात होती. घरच्या माणसाचं पत्र उलट खटकेल का? आणि नको असेल तर काकांना न दुखावता कसं सांगायचं?

ज्यांची मुलं यातून गेलीत त्यांनी कृपया सांगा.