15 जणांच्या वर्गात कसला कर्व्ह?
पेपर अवघड निघाला तर रिलेटिव्ह ग्रेडिंगच, म्हणजे वर्गातल्या इतरांच्या तुलनेत श्रेणी देणारा हा कर्व्हच, मुलांना तारतं असं काही जण म्हणतात. तो मुद्दा पहिल्या वर्षापुरता मान्य. 300 मुलांची सरासरी 38 आली तर दोष पेपरचाच असणार. पण शेवटच्या वर्षाच्या इलेक्टिव्हला (ऐच्छिक विषयाला) जेमतेम 15 जण, तेही आवडीने आलेले. तिथे सरासरी नि स्टँडर्ड डेव्हिएशन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत ते) काढून कुणाला तरी खाली ढकलायचं, हा सरळ अन्याय आहे. आमच्याकडे नोंदणीची यादी लागली की मुलं आधी त्यात टॉपर किती ते मोजायची आणि मुदत संपायच्या आत विषय बदलून घ्यायची. माझ्या एका मैत्रिणीला कंट्रोल सिस्टिम्स मनापासून शिकायचं होतं. निव्वळ ती यादी बघून तिने नाव काढून घेतलं.

अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाने 2004 मध्ये ‘ए’ श्रेणी 35 टक्क्यांच्या आत ठेवायचं धोरण आणलं आणि 2014 मध्ये मागे घेतलं. ती मर्यादा प्रत्येक वर्गाला नव्हे, विभागाला होती. तरी मुलांना तो कोटाच वाटतो आणि ताण वाढतो, असं त्यांच्याच समितीने म्हटलं. आपल्याकडे तर यूजीसीच्या सीबीसीएस (आवडीनुसार विषय निवडायच्या श्रेयांक पद्धतीच्या) सूचनांत ॲब्सोल्यूट ग्रेडिंगचाही, म्हणजे आधीच ठरलेल्या गुणांवर श्रेणी देण्याचाही, पर्याय आहे. छोट्या वर्गांना तो लावायला कॉलेजांना कुणी अडवलंय?