टी-मोल्डिंग: खाच सैल, वळणावर पट्टी उठते

तळघरातलं_यंत्र
मिडवेचं 1981 चं उभं गॅलगा (आर्केड व्हिडिओ गेमचं यंत्र), न्यू जर्सीत. डावी बाजू मूळची आहे. उजवी तळाशी पाणी पिऊन फुगली होती, म्हणून 3/4 इंची एमडीएफची नवी कापली. कडेची टी-मोल्डिंग पट्टी (टी आकाराची, तिचा मधला कणा फळीच्या कडेतल्या खाचेत बसतो) काळी, 3/4 इंची. जुन्या बाजूला खाच दोन-तीन जागी इतकी सैल आहे की पट्टी बोटाने निघते. कंट्रोल पॅनेलच्या वरच्या आतल्या वळणावर ती उठते. आणि नव्या बाजूला खाच पाडायला राउटरला (फिरत्या पात्याचं सुतारी यंत्र) कटर किती जाडीचा लावू? रंग अजून दिलेला नाही.

खाचखळगे
रंग दिला नाहीत ते बरं केलंत. कटर बहुतेक पट्ट्यांना 1/16 इंची (1.6 मिमी) चालतो, काहींना 3/32 लागतो. पट्टीच्या मधल्या कण्याची जाडी दाते सोडून मोजा, मग दात्यांसकट मोजा. खाच या दोन मापांच्या मध्ये बसली पाहिजे. खोली 1/2 इंच ठेवा, म्हणजे तळाशी भुसा राहिला तरी कणा टेकत नाही.

खरी चूक होते ती मध्य काढताना. त्याच एमडीएफच्या टाकाऊ तुकड्यावर खाच पाडा, तुकडा उलटा करा आणि त्याच जागी पुन्हा राउटर फिरवा. खाच रुंद झाली तर कटर मध्यावर नाही. जेवढी वाढली त्याच्या निम्म्याने वर-खाली करा. हे केलं नाही तर पट्टीची एक कड बाहेर लोंबते आणि दुसरीकडे लाकूड उघडं पडतं.

फळी आडवी ठेवून राउटर वरून चालवत असाल तर बाहेरच्या कडेने घड्याळाच्या उलट दिशेने न्या. सुलट नेलात तर कटर पुढे ओढतो आणि खाच वेडीवाकडी होते.

पटाशीवाला
वळणांचं गणित असं. बाहेरच्या वळणावर कणा आत दाबला जाऊन गोळा होतो, म्हणून तिथे त्याला व्ही आकाराच्या खाचा द्या, साधारण 6 मिमी अंतराने. आतल्या वळणावर उलट, कणा ताणला जातो. तिथे नुसते सरळ काप पुरतात. काप दिले नाहीत तर तोच ताण पट्टीला खाचेतून बाहेर खेचतो. तुमच्याकडे बहुधा हेच होतंय. काप देताना वरच्या दर्शनी पट्टीला ब्लेड लागू देऊ नका, पुढे तिथेच पांढरी रेघ उमटते.

हेअर ड्रायरने पट्टी मऊ करा, वळणावर बसवा आणि गार होईपर्यंत दाबून धरा. ठोकताना ओढू नका. ताणलेलं प्लॅस्टिक नंतर आखडतं आणि शेवटी फट पडते. सुरुवात पुढच्या तळापासून, मग वरून मागे. एक इंच जादा ठेवून सगळ्यात शेवटी धारदार ब्लेडने छाटा, म्हणजे शेवट मागे लपतो. हातोडी पांढऱ्या रबराची घ्या. काळी हातोडी उजळ पट्टीवर डाग सोडते.

तळघरातलं_यंत्र
आणि सैल खाच? पांढरा सुतारी गोंद भरू का?

खाचखळगे
नको. तो लाकडाला धरतो, पीव्हीसीला नाही. थोडीच सैल असेल तर दर चार-पाच इंचांवर ग्लू गनचा ठिपका द्या, पट्टी पुढेमागे बदलताही येते. कड फुटून भुसभुशीत झाली असेल तर भुगा खरवडून काढा, पातळ एपॉक्सी मुरू द्या, मग पुट्टीसारखी घट्ट एपॉक्सी भरा. मेणकागद लावलेल्या दोन फळ्यांत क्लॅम्पने आवळून ठेवा, पूर्ण कडक झाल्यावर घासा आणि खाच नव्याने पाडा. कडक व्हायच्या आत कटर घातलात तर सगळं पुन्हा उखडेल.

रंग दिल्यावर खाचेत प्रायमर साचतो आणि पट्टी आत जाईना होते. रंग सुकल्यावर जुन्या हॅकसॉ ब्लेडने खाच खरवडून घ्या. साइड आर्ट (बाजूवरचं चित्राचं स्टिकर) पट्टीच्या आधी चिकटवा.

एक_पुणेकर
इथे भारतात कुणी नवं कॅबिनेट करणार असेल तर: आपला बोर्ड 18 मिमी, ही पट्टी 19 मिमी. एका बाजूला 1 मिमी सनमायका लावला की माप जुळतं. मात्र खाच 9 मिमीवर नाही, सनमायकासकट 9.5 वर पाडा. दोन्ही बाजूंना लावलात तर 20 होतात आणि पट्टी अपुरी पडते.