हवेतील प्रदूषणाने गायरानातील गवताचा कस कमी होतो का?

करवीरचा पशुपालक
आमच्या गावच्या गायरानाच्या एका अंगाला वीटभट्ट्या आहेत आणि दुसऱ्या अंगाने अवजड वाहनांचा रस्ता जातो. दिवाळीच्या सुमारास कापून गंजी लावलेल्या गवतावर राखेचा थर बसतो. म्हशी ते हुंगून बाजूला सारतात आणि खाल्ले तरी दूध पूर्वीसारखे उतरत नाही. धूळ झटकून गवत घातले तर पुरेसे आहे, की प्रदूषणाने गवताचा कसच आतून बदलतो?

चारा अभ्यासक
धूळ आणि वायू यांचा विचार वेगवेगळा करावा लागेल. धुळीने पानांची रंध्रे झाकली जातात आणि गवताची चव बिघडते, परंतु तिचा बराच भाग झटकता येतो. डोळ्यांना न दिसणारा ओझोन अधिक खोलवर जातो. वाहनांच्या धुरातील नायट्रोजनची ऑक्साइडे आणि बाष्पशील सेंद्रिय वायू यांच्यावर ऊन पडले की तो जमिनीलगत तयार होतो आणि वाऱ्याबरोबर शहरापासून दूरच्या कुरणांपर्यंतही पोहोचतो. रंध्रांतून शिरलेल्या ओझोनमुळे पान वेळेआधी जून होते आणि त्यातील लिग्निनचे, म्हणजे काडीला लाकडासारखा कठीणपणा देणाऱ्या द्रव्याचे, प्रमाण वाढू शकते. कोटीपोटातील (गुरांच्या पोटाच्या पहिल्या, मोठ्या कप्प्यातील) जिवाणूंना लिग्निन पचवता येत नाही, शिवाय त्याने वेढलेला तंतूही त्यांच्या हाती लागत नाही. म्हणून प्रथिनांचा आकडा फारसा न घसरताही पचनीयता घटू शकते. तपासणीत केवळ प्रथिने पाहून समाधान मानू नये, लिग्निनचा आकडाही आवर्जून मागावा.

पन्हाळा परिसर
यात ऋतूचा विचार हवा. आपल्याकडे मारवेल, शेडा यांसारख्या गवतांची बहुतेक वाढ पावसाळ्यातील ढगाळ, धुतलेल्या हवेत होते आणि तेव्हा ओझोन कमी असतो. त्यामुळे सारे खापर प्रदूषणावर फोडणे मला योग्य वाटत नाही. फुलोरा उलटून गेल्यावर केलेली कापणी हे अनेकदा मोठे कारण असते. खरी काळजी पावसाळ्यानंतर पाण्यावर वाढणाऱ्या लसूणघासाची वाटते, कारण द्विदल वनस्पती ओझोनला साधारणपणे गवतांपेक्षा अधिक हळव्या असतात.

पशुवैद्यक
वीटभट्टीजवळ फ्लोराइडकडे दुर्लक्ष करू नये. माती भाजताना तिच्यातील फ्लोराइड वायुरूपाने बाहेर पडते आणि पानांत शोषले जाते. गुरांच्या कोरड्या चाऱ्यात किलोमागे सुमारे 40 मिलिग्रॅम ही सहनमर्यादा धरली जाते. दात तयार होण्याच्या वयात ते अधिक प्रमाणात पोटात गेले, तर कायमचे दात खडूसारखे पांढुरके किंवा तपकिरी डागांचे निघतात आणि लवकर झिजतात. मग उत्तम चाराही नीट चावला जात नाही. आपल्या रेड्यांचे व पारड्यांचे खालचे ओठ खाली ओढून दात अवश्य पाहावेत. फ्लोराइड पाण्यातूनही येते, तेव्हा बोअरचे पाणीही तपासून घ्यावे.

करवीरचा पशुपालक
मनःपूर्वक आभार. भट्टीलगतचे आणि गायरानाच्या दूरच्या टोकाचे, एकाच जातीच्या गवताचे नमुने एकाच दिवशी घेतले तर तुलना योग्य होईल का?

चारा अभ्यासक
होय, मात्र प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करून एक धुऊन आणि एक न धुता द्यावा, म्हणजे पानावर किती बसले आहे आणि पानात किती मुरले आहे, याचा अंदाज येईल.