साठ लिटरच्या टाकीत पहिले प्रवाळ: सुरुवात कशी करावी?

निळाई

गेली सहा वर्षे मी गोड्या पाण्याची मत्स्यालये सांभाळत आहे. एका टाकीत पाणवनस्पती आहेत आणि दुसऱ्या, साठ लिटरच्या टाकीत आतापर्यंत गप्पी होते. आता खाऱ्या पाण्यातील प्रवाळांची टाकी करावी असे मनाने घेतले आहे. गप्पींची टाकी सध्या रिकामीच असल्यामुळे तीच वापरावी असा विचार आहे, कारण पहिल्या प्रयत्नात पाणी जितके कमी तितके काम कमी पडेल, असा माझा समज आहे.

नळाचे पाणी क्लोरीन उडवून वापरले तर चालेल का? मीठ मिसळल्यानंतर किती दिवसांनी मासे सोडता येतील? या खटाटोपामागे मुख्य ओढ क्लाउनफिशची जोडी आणि तिच्यासाठी एक समुद्रफूल, म्हणजे सी ॲनिमोन, यांची आहे. त्यामुळे ही तिन्ही मंडळी पहिल्याच महिन्यात आणता आली तर बरे होईल. आणखी एक गोष्ट सांगून ठेवते. या टाकीत दोन वर्षांपूर्वी माशांवरील परजीवींसाठी तांब्याचे औषध वापरले होते. त्याने आता काही बिघडेल का?

जुना_खलाशी

तुमचा पहिलाच समज मोडावा लागत आहे, त्याबद्दल क्षमस्व. खाऱ्या पाण्यात लहान टाकी सोपी नसते, उलट अवघड असते. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. हे एक वाक्य नीट समजले की टाकीच्या आकाराचा प्रश्न आपोआप सुटतो. साठ लिटरच्या टाकीत खडक आणि वाळू घातल्यावर प्रत्यक्ष पाणी पन्नास लिटरच्या आसपास उरते. त्यातले रोज एक लिटर उडते असे धरले आणि तुम्ही पाच दिवस लक्ष दिले नाही, तर ३५ पीपीटी (किलोभर पाण्यात इतके ग्रॅम क्षार) खारेपण जवळजवळ ३९ वर जाते. दीडशे लिटरच्या टाकीत १३० लिटर पाणी असेल आणि पृष्ठभाग मोठा असल्याने रोज दीड लिटर उडत असेल, तरी त्याच पाच दिवसांत आकडा ३७ च्या जरा वर थांबतो. तापमानाचे आणि सडणाऱ्या अन्नाचेही असेच आहे. मोठ्या टाकीत चूक हळूहळू पसरते, म्हणून ती दुरुस्त करायला वेळ मिळतो. गोड्या पाण्यात मासे बरेच चढउतार सोसतात, पण प्रवाळांना त्याची सवय नसते.

म्हणून शक्य असेल तर १५० ते २०० लिटरची टाकी घ्यावी, आणि ती ठेवण्यापूर्वी वजनाचा विचार करावा. दीडशे लिटर समुद्री पाणी सुमारे १५४ किलो भरते. त्यात खडक, वाळू, काच आणि खालची संप (उपकरणे ठेवायची जोडटाकी) मिळवली की दोनशे किलोंच्या पुढे जाते. साधे टेबल हा भार पेलेल असे गृहीत धरू नये. उडालेल्या पाण्याची भर नेहमी गोड्या शुद्ध पाण्याने घालावी, खाऱ्या पाण्याने कधीही नाही. हे काम तरंगत्या सेन्सरवर चालणाऱ्या टॉप-अप यंत्राकडे सोपवावे, असे मी म्हणेन. स्किमर (फेसाने घाण काढणारे यंत्र) वर्षभराने घेतला तरी चालेल, पण हे यंत्र पहिल्या दिवसापासून असावे.

नळाच्या पाण्याचे उत्तर नाही असेच आहे. क्लोरीन उडून जाते, परंतु फॉस्फेट, सिलिकेट आणि जुन्या नळांतून येणारे तांबे उडत नाही. आरओ गाळणीनंतर डीआय रेझिनमधून (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांतून) काढलेले, टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार मोजणाऱ्या मीटरवर शून्य दाखवणारे पाणी वापरावे. पिण्यासाठी बसवलेल्या यंत्रात बहुधा डीआयचा टप्पा नसतो, आणि काही यंत्रे तर चवीसाठी खनिजे परत मिसळतात. मीठ वेगळ्या पिंपात, पंपाने फिरत्या पाण्यात थोडेथोडे घालावे. मिठावर पाणी ओतले तर कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा साका बसतो आणि तेवढे कॅल्शियम वाया जाते. सजीव असलेल्या टाकीत कोरडे मीठ टाकू नये.

मोजमापाविषयी माझीच एक फजिती सांगतो. माझा रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खारेपण मोजायचे उपकरण, मी दीड वर्ष साध्या शुद्ध पाण्यावर शून्य करून वापरत होतो. तो ३५ दाखवायचा, प्रत्यक्षात पाणी ३१ चे होते, आणि लेदर कोरल (एक मऊ प्रवाळ) उघडत का नाही म्हणून मी दिवे बदलत बसलो होतो. उपकरण ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणावरच जुळवावे. २५ अंश सेल्सिअसला ३५ पीपीटी म्हणजे सापेक्ष घनता १.०२६ च्या आसपास.

शिंपला

जुना_खलाशी यांनी पाण्याचे सांगितलेच आहे, तेव्हा मी मासे किती दिवसांनी सोडावेत या प्रश्नाकडे वळतो.

याचे उत्तर दिवसांत देता येत नाही, चाचणीच्या आकड्यांत देता येते. गोड्या पाण्यातील नायट्रोजन चक्र तुम्हाला माहीत आहेच. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट जिवाणूंनीच करायचे असते, हे इथेही तेच. मात्र इथला पीएच ८ च्या वर असतो, आणि पीएच जितका अधिक तितका अमोनियाचा विषारी भाग वाढतो. म्हणून जो आकडा तुमच्या गप्पींनी सोसला असता तो इथे जीव घेतो. नायट्राइट मात्र समुद्री पाण्यात तितके घातक ठरत नाही, कारण पाण्यातील भरपूर क्लोराइड माशांच्या कल्ल्यांतून त्याला आत शिरू देत नाही. कोरड्या खडकांनी सुरुवात केली तर बाटलीतील अमोनियम क्लोराइडने अमोनिया २ पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत दोन भाग) न्यावा, जिवाणूंचे मिश्रण घालावे आणि वाट पाहावी. तेवढाच अमोनिया पुन्हा घातल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊ लागले की टाकी पहिल्या माशासाठी तयार झाली. बहुतेकदा याला चार ते सहा आठवडे लागतात. या काळात मासा घालून चक्र चालू करण्याची जुनी पद्धत आता सोडून द्यावी. त्यात माशाचे हाल होतात आणि हाती काही जास्त लागत नाही.

कोरडे खडक की लाइव्ह रॉक, म्हणजे जिवाणू आणि लहान जीव वसलेला खडक, यावर मतभेद आहेत आणि माझे मत बहुमताच्या विरुद्ध आहे. कोरड्या खडकांतून नको असलेले जीव येत नाहीत, हा त्यांचा गुण सगळे सांगतात. ते खरे आहे. पण त्यांतून हवे असलेले जीवही येत नाहीत. लहान कवचधारी, कृमी, स्पंज, गुलाबी चुनखडी शेवाळ यांचे जाळे नसलेल्या टाकीत रिकामी जागा जो आधी येईल तो बळकावतो. आधी तपकिरी डायॅटम येतात, मग हिरवे केसाळ शेवाळ, मग लालसर चिकट सायनोबॅक्टेरिया, असे महिनोन्महिने चालते. म्हणून तीनचतुर्थांश खडक कोरडे घेऊन उरलेला भाग एखाद्या जुन्या, निरोगी टाकीतून मागून आणावा, असे मी सुचवेन. त्याबरोबर ॲप्टेझिया नावाचे उपद्रवी लहान समुद्रफूल येऊ शकते, तेव्हा खडक नीट न्याहाळून घ्यावा. खडक काचेवर टेकवून मग वाळू घालावी. वाळूवर ठेवलेला खडक एखाद्या खोदणाऱ्या माशाने खालून पोखरला की ढासळतो.

शेवाळाच्या त्या दिवसांत घाबरून रसायने ओतू नयेत. नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणून ठेवण्याचा अट्टहास तर मुळीच करू नये, कारण दोन्ही संपलेल्या टाकीत डायनोफ्लॅजेलेट नावाचे एकपेशीय जीव फोफावतात आणि ते शेवाळापेक्षा फार वाईट. नायट्रेट ५ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०५ च्या आसपास राहिले की प्रवाळांनाही अन्न मिळते.

प्रवाळवेडा

वरच्या दोघांशी मी सहमत आहे, फक्त खडकांचे सोडून. मी पूर्णपणे कोरड्या खडकांवर टाकी उभी केली. आठ महिने ती कुरूप दिसली, पण त्यानंतर एकदाही ॲप्टेझिया उपटावे लागले नाही. ज्याच्याकडे धीर आहे त्याने तो मार्ग घ्यावा.

आता प्रवाळांविषयी. पहिला प्रवाळ चक्र पूर्ण झाल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी आणावा आणि तो मऊ जातीचा असावा. मशरूम, लेदर आणि झोआंथस हे नवख्याच्या चुका पोटात घालतात. ग्रीन स्टार पॉलिप्स आणि झेनिया हेही सोपे आहेत, मात्र ते मुख्य खडकापासून दूर, वेगळ्या दगडावर ठेवावेत; अन्यथा वर्षभरात सगळा खडक त्यांचाच होतो. झोआंथस आणि विशेषतः पॅलिथोआ हाताळताना हातमोजे आणि चष्मा घालावा. त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत तीव्र विष असते. असा खडक कधीही उकळू नये आणि कोरडा घासू नये. वाफेतून किंवा तुषारांतून विष श्वासात गेल्याने घरातील सर्वांना रुग्णालयात जावे लागल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवलेल्या आहेत. ही गोष्ट विक्रेते क्वचितच सांगतात, म्हणून मी ती जरा ठासून सांगत आहे.

बहुतेक प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते आणि प्रवाळाला लागणारे बरेचसे अन्न तेच प्रकाशापासून बनवते. त्यामुळे दिव्याची तीव्रता पार (PAR, म्हणजे शैवालाला अन्न बनवण्यास उपयोगी प्रकाश) या मापाने पाहावी: मऊ प्रवाळांना ५० ते १५० पुरेसे असते, ॲक्रोपोरासारख्या कठीण जातींना त्याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त लागते. नवा प्रवाळ आणल्याबरोबर पूर्ण प्रकाश दिला तर तो शैवाल बाहेर टाकून पांढरा पडतो. दिवा निम्म्यावर ठेवून तीन-चार आठवड्यांत हळूहळू वाढवावा.

मऊ प्रवाळ असेपर्यंत नियमित पाणी बदलणे पुरते. कठीण प्रवाळ आले की रसायनशास्त्र सुरू होते. ते पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन सांगाडा बांधतात, आणि त्यांचे प्रमाण ठरलेले असते: २० पीपीएम कॅल्शियममागे २.८ डीकेएच अल्कलिनिटी (पाण्यातील कार्बोनेटचा साठा; डीकेएच हे त्याचे माप). याचा व्यवहारातला अर्थ असा, की अल्कलिनिटी ८.५ वरून ७.१ पर्यंत घसरली, तरी कॅल्शियम ४२० वरून फक्त ४१० वर येते, आणि घरगुती चाचणीत एवढा फरक दिसतसुद्धा नाही. म्हणून दर दोन दिवसांनी मोजायची ती अल्कलिनिटी. ती ७.५ असो वा ९, एका जागी स्थिर असणे महत्त्वाचे. पुस्तकातला आकडा गाठण्यासाठी एका दिवसात दीड डीकेएच वर नेऊन मी माझे दोन ॲक्रोपोरा टोकांपासून जाळले आहेत.

कठीण प्रवाळ साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतात. तेव्हा किनाऱ्यावरून काहीही उचलून आणू नये आणि टाकीतच वाढवलेल्या प्रवाळांचे तुकडेच घ्यावेत. ते बंद पाण्याला सरावलेले असल्याने टिकतातही जास्त.

निळाई

तिघांचेही मनापासून आभार. दीडशे लिटरची टाकी घेण्याचे ठरवले आहे आणि मजबूत लोखंडी स्टँड करून घेणार आहे. खडकांच्या बाबतीत शिंपला यांचे ऐकावे असे वाटते, कारण आठ महिन्यांचा धीर माझ्याकडे नाही. समुद्रफुलाचे मात्र कोणीच काही बोलले नाही. आणि तांबे वापरलेल्या त्या जुन्या टाकीचे काय करावे?

जुना_खलाशी

समुद्रफुलाविषयी बोललो नाही, कारण तुमचा हिरमोड करायचे जिवावर आले होते. टाकी किमान आठ-दहा महिने स्थिर चालल्याशिवाय ते आणू नये. जागा पसंत पडली नाही तर ते चालू लागते, रात्री वेव्हमेकरच्या (पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) पात्यांत सापडते, आणि सकाळपर्यंत सगळी टाकी विषारी होऊ शकते. आणायचेच झाले तर बबल-टिप जातीचे आणावे आणि त्याआधी प्रत्येक पंपाला जाळी बसवावी. क्लाउनफिशला ते लागतच नाही. टाकीत पैदास झालेली जोडी लेदर कोरलमध्ये, नाहीतर एखाद्या कोपऱ्यातही सुखाने राहते. जोडी निवडताना एक लहान आणि एक किंचित मोठे पिल्लू घ्यावे. सगळी पिल्ले नर म्हणूनच वाढतात आणि दोघांतले वरचढ ठरेल ते पुढे मादी होते, त्यामुळे नर-मादी ओळखत बसण्याचा प्रश्न येत नाही.

जुनी टाकी फेकू नका. तांबे गोगलगाई, कोळंबी आणि प्रवाळ यांना अगदी थोड्या प्रमाणातही मारते, आणि चुनखडीचे खडक व वाळू ते शोषून नंतर सोडत राहतात. म्हणून तिच्यातली वाळू, दगड आणि फिल्टरचा स्पंज नव्या टाकीत अजिबात नेऊ नये. पण विलगीकरणासाठी साठ लिटरची नुसती काच अगदी योग्य आहे, कारण तिथे फक्त मासे राहणार आणि गरज पडली तर त्यांना तांब्याचेच औषध द्यायचे आहे. वाळू नको, खडक नको, लपायला प्लॅस्टिकच्या नळीचे दोन तुकडे, एक हीटर आणि एक नवा स्पंज फिल्टर एवढेच ठेवा. तो स्पंज आजपासूनच नव्या टाकीच्या संपमध्ये भिजत घाला, म्हणजे चक्र पूर्ण होईपर्यंत त्यावरही जिवाणू बसलेले असतील.

प्रत्येक नवा मासा त्या टाकीत चार ते सहा आठवडे ठेवा. क्रिप्टोकॅरियॉन, म्हणजे अंगावर मिठाचे कण सांडल्यासारखा दिसणारा परजीवी, एकदा मुख्य टाकीत शिरला की प्रवाळांमुळे तिथे औषध घालता येत नाही. मग सगळे मासे बाहेर काढून ती टाकी ७६ दिवस माशांविना ठेवावी लागते. मी हे दोनदा केले आहे. दुसऱ्या वेळी मासे पकडण्यासाठी सगळे खडक उचलावे लागले होते.