मॉली मासे खाऱ्या पाण्यात नेतोय, १.०१५ ला अडकलोय, मदत हवी आहे

काचघर: गोड्या पाण्यातले मासे समुद्राच्या पाण्यात जगतात का, यावर दोन टोकांची मतं वाचली, म्हणून थेट विचारतो. मॉली पूर्ण खाऱ्या पाण्यात न्यायच्या आहेत. हळूहळू मीठ वाढवतोय. विशिष्ट गुरुत्व (साध्या पाण्याच्या मानाने खारं पाणी किती जड) १.०१० होईपर्यंत सगळं ठीक होतं. १.०१५ झाल्यापासून मासे वर येऊन तोंड उघडझाप करतायत, पंख मिटलेले, जागच्या जागी डोलतात. मीठ वाढवू की कमी करू? लवकर सांगा.

खारवट: टाकी किती लिटरची? कुठलं मीठ? मोजताय कशाने? किती दिवसांत इथवर आलात? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

मत्स्यमित्र: पंख मिटणं आणि डोलणं ही व्हाइट स्पॉटची (अंगावर पांढरे ठिपके आणणाऱ्या परजीवी रोगाची) सुरुवात असू शकते. लिटरला २ ते ३ ग्रॅम मीठ, तापमान ३० अंश, आणि शेवटचा ठिपका गेल्यावरही आठवडाभर उपचार चालू ठेवा.

खारवट: अहो, १.०१५ म्हणजे त्यांच्या पाण्यात आत्ताच लिटरला २० ग्रॅम खार आहे. गोड्या पाण्यातला तो परजीवी त्यात टिकत नाही. आणि ठिपके आहेत असं ते म्हणालेलेच नाहीत.

थेंबथेंब: इतके दिवस घालवायची गरजच नाही. मासे बादलीत घ्या, एअर पंपच्या नळीला गाठ मारून समुद्री टाकीतलं पाणी सेकंदाला दोन-तीन थेंब सोडा. मॉली ६ ते ८ तासांत पूर्ण खाऱ्या पाण्याला तयार होते.

रेणुका_टँक: पटत नाही. माशाच्या रक्तात लिटरला साधारण ९ ग्रॅम क्षार असतात. बाहेरचं पाणी त्याहून खारट झालं की शरीरातलं पाणी बाहेर खेचलं जातं. मग मॉली पाणी पिऊ लागते, आणि कल्ल्यांतल्या ज्या पेशी मीठ आत ओढत होत्या त्यांच्या जागी मीठ बाहेर फेकणाऱ्या पेशी तयार व्हाव्या लागतात. ते काही तासांत पुरं होत नाही. ड्रिपने, म्हणजे थेंबाथेंबाने पाणी सोडून, मासा जगतो, पण दोन-तीन दिवस ताणाखाली असतो.

थेंबथेंब: ताण पडतो हे मान्य. पण तयार समुद्री टाकीत फिल्टर खाऱ्या पाण्याला सरावलेला असतो, हा फायदा मोठा आहे. काचघर, तुमची समुद्री टाकी चालू आहे ना?

काचघर: वेगळी टाकी नाही, हीच खारी करायची आहे. ६० लिटर, ६ मॉली, स्पंज फिल्टर, मरीन सॉल्ट (समुद्री टाकीचं मीठ), मोजायला रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं उपकरण). दर दोन दिवसांनी ०.००२ वाढवत आलो. एक सकर (काचेला चिकटून शेवाळ खाणारा मासा) पण आहे, तो १.०१० नंतर दिसला नाही, दगडामागे असेल.

रेणुका_टँक: सकर! तो मेलेला असणार. त्याच्या कल्ल्यांना हा बदल जमत नाही. टेट्रा, कोरी, लोच या माशांचंही तेच. मेलेला मासा कुजला की पाण्यात विषारी अमोनिया सुटतो, म्हणून दगड आत्ता उचला आणि अमोनिया आणि पीएच तपासून आकडे टाका.

काचघर: सापडला, दगडाखाली. पोट फुटलेलं, अंगावर पांढरा कापसासारखा थर. काढला. अमोनिया लिटरला ०.५ मिलीग्रॅम, पीएच ८.२, तापमान २५.

खारवट: मग मासे मिठाने आजारी नाहीत, अमोनियाने आहेत. मरीन सॉल्टने पीएच वर जातो. पीएच ७ ला एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, ८.२ ला सुमारे ८ टक्के. म्हणजे तुमच्याकडे ०.०४, आणि ०.०२ च्या वर गेलं की कल्ल्यांना इजा होते. त्यात फिल्टरमधले अमोनिया संपवणारे गोड्या पाण्यातले जिवाणू खार वाढल्यावर मंदावतात, आणि खाऱ्या पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो. हे सगळं एकाच वेळी मॉलीवर आलंय.

आता ३० लिटर पाणी बदला. नवं पाणी टाकीइतकंच खारट हवं: ३० लिटरला अंदाजे ६०० ग्रॅम मीठ, बादलीत पंप लावून विरघळवा, १.०१५ आणि २५ अंश जुळवून मगच ओता. क्लोरीन आधी काढा. एअरस्टोन पूर्ण जोरात, दोन दिवस खाणं बंद. मीठ वाढवू नका, कमीही करू नका.

मत्स्यमित्र: कमी का नको? १.००५ ला आणलं तर आराम पडेल.

रेणुका_टँक: मॉली आता १.०१५ ला जुळलेली आहे. खाली आणलं तर पुन्हा उलटा बदल करावा लागेल, आणि जिवाणूंना आणखी एक धक्का.

काचघर: पाणी बदललं. अमोनिया ०.२५. दोन मॉली खाली उतरल्या, बाकीच्या अजून वरच आहेत. नायट्राइट (जिवाणू अमोनियापासून बनवतात तो पदार्थ) पण दिसतोय, घाबरायचं का?

खारवट: उद्या परत ३० लिटर, अमोनिया शून्य येईपर्यंत रोज. नायट्राइटची फार भीती नाही, पाण्यातलं क्लोराइड त्याला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही.

थेंबथेंब: चालू समुद्री टाकीतला स्पंज किंवा खडक मिळाला तर आत टाका, सरावलेले जिवाणू आयते मिळतील.

काचघर: आणि पुढे मीठ कधी वाढवू?

रेणुका_टँक: अमोनिया, नायट्राइट दोन्ही आठवडाभर शून्य राहिल्यावर. १० लिटर काढून लिटरला ३५ ग्रॅम मीठ असलेलं १० लिटर घातलं की लिटरमागे २० ग्रॅमचं २२.५ होतं, म्हणजे साधारण १.०१७. मग निदान चार दिवस थांबा. आटलेल्या पाण्याच्या जागी साधं पाणीच घाला, मीठ वाफेबरोबर जात नाही.